केसमेंट पार्क बांधायला घ्या: उत्तर आयर्लंडच्या मंत्रिमंडळाला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रिमंडळ, स्टॉरमॉन्ट, बेलफास्ट
मा. समुदाय मंत्री, उत्तर आयर्लंड
प्रत: लंडन व डब्लिनमधली संबंधित मंत्रालयं आणि जीएएची (गेलिक, म्हणजे पारंपरिक आयरिश, खेळांच्या संघटनेची) अल्स्टर प्रांताची परिषद

सन्माननीय मंत्रिमहोदय,

अँडरसनस्टाउन रोडवरच्या केसमेंट पार्कमध्ये २०१३ नंतर एकही सामना झालेला नाही. त्या साली जन्मलेली मुलं आता माध्यमिक शाळेत जातात. माझी मुलगी त्यांच्यातलीच. ती आमच्या भागातल्या क्लबकडून कमोगी खेळते, धाकटा मुलगा हर्लिंग खेळतो; दोन्ही इथले काठी-चेंडूचे पारंपरिक खेळ. आपल्या काउंटीचं, म्हणजे अँट्रिम जिल्ह्याचं, मुख्य मैदान म्हणजे बंद फाटकामागची एक ओसाड जागा, एवढीच दोघांना त्याची ओळख आहे.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. नर्स म्हणून बेलफास्टला आले, इथल्या एका रुग्णालयात काम करते, शहराच्या पश्चिम भागात राहते, इथेच कर भरते. हेच म्हणणं इंग्रजीत आपल्या कार्यालयाकडे पाठवलं आहे. ते मराठीतही जाहीरपणे मांडायला कारण आहे. केसमेंट पार्कचा विषय निघाला की इथे दोनच बाजू मोजल्या जातात: एक कॅथलिक आणि राष्ट्रवादी, म्हणजे आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारी; दुसरी प्रोटेस्टंट आणि युनियनवादी, म्हणजे ब्रिटनबरोबर राहू इच्छिणारी. बाहेरून येऊन इथे रुजलेली आमची घरं कुठल्याच हिशेबात धरली जात नाहीत. पण शनिवारी सकाळी सरावाला मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांत केरळचे असतात, फिलिपिन्सचे असतात, आम्ही मराठीही असतो. या शहरातल्या मराठी घरांनी हे पत्र वाचावं, पटलं तर आपापल्या आमदारांना लिहावं, अशी माझी इच्छा आहे.

मराठी वाचकांना या खेळांची ओळख असेलच असं नाही, म्हणून थोडं सांगते. हर्लिंगमध्ये प्रत्येक संघात पंधरा खेळाडू. प्रत्येकाच्या हातात अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला रुंद आणि चपटी होत गेलेली काठी. कातड्यात शिवलेला छोटा टणक चेंडू त्या काठीवर तोलत पळायचं, हवेत उडवून टोलवायचा. इंग्रजी एच अक्षरासारखे गोलचे खांब असतात. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. बायका-मुली हाच खेळ खेळतात, त्याला कमोगी म्हणतात. गेलिक फुटबॉलमध्ये खांब तेच, चेंडू मोठा, आणि तो हातानंही खेळता येतो. या खेळांची संघटना म्हणजे जीएए. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतल्या थर्लस गावी, एका हॉटेलात तिची स्थापना झाली. आजही तिच्या खेळाडूंना पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळलेला माणूस सुटी संपली की शाळेत शिकवायला किंवा वायरिंगच्या कामाला हजर होतो. खेळायचं ते आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या काउंटीकडून, खेळाडूंची खरेदी-विक्री नाही. मी या खेळांकडे ओढली गेले ती यामुळेच. लहानपणी कोल्हापूरच्या खासबाग मैदानाबद्दल मी घरात खूप ऐकलं होतं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये ते उभं केलं, आणि कुठेही बसलं तरी कुस्ती दिसावी अशी त्याची रचना केली. आपल्या मातीतल्या खेळासाठी राज्यकर्त्यानं मैदान बांधावं, हे मला तेव्हापासून स्वाभाविक वाटत आलं आहे.

केसमेंट पार्क जून १९५३ मध्ये सुरू झालं. सर रॉजर केसमेंट यांचं नाव त्याला दिलं गेलं. काँगोमध्ये रबरासाठी माणसांचे हाल होत होते, ते १९०४ च्या अहवालातून जगासमोर आणणारा हा ब्रिटिश वाणिज्यदूत पुढे आयरिश स्वातंत्र्याच्या बाजूनं उभा राहिला, आणि ऑगस्ट १९१६ मध्ये लंडनमध्ये फासावर गेला. अँट्रिमच्या किनाऱ्यावर आपल्याला पुरावं अशी त्यांची इच्छा होती, ती आजवर पुरी झालेली नाही. १९७२ मध्ये ब्रिटिश लष्करानं हे मैदान ताब्यात घेतलं होतं, तेव्हा खेळ बंद पडले. आणि मार्च १९८८ मध्ये दोन ब्रिटिश सैनिकांना जमावानं ओढत याच मैदानात आणून मारहाण केली, मग आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र आयरिश संघटनेनं त्यांना जवळच नेऊन गोळ्या घातल्या. हे मी मुद्दाम लिहिते आहे. केसमेंट पार्क हे नाव ऐकल्यावर या शहरातल्या काही लोकांच्या मनात काय येतं, याची मला कल्पना आहे, आणि त्यांच्या दुःखाकडे मी पाठ फिरवणार नाही. पण म्हणून हर्लिंगची काठी घेऊन सरावाला निघालेल्या दहा वर्षांच्या मुलानं त्याची किंमत मोजावी का, याचं उत्तर आपण द्यायचं आहे.

आता तक्रारींकडे येते.

पहिली तक्रार दिलेल्या शब्दाची. २०११ मध्ये आपल्याच मंत्रिमंडळानं तीन खेळांच्या तीन मैदानांसाठी मिळून सुमारे ११ कोटी पौंड मंजूर केले: रग्बीचं रेव्हनहिल, फुटबॉलचं विंडसर पार्क आणि गेलिक खेळांचं केसमेंट पार्क. रेव्हनहिल २०१४ मध्ये नवं होऊन उभं राहिलं. विंडसर पार्क २०१६ मध्ये पूर्ण झालं. दोन्ही ठिकाणी मी सामने पाहिले आहेत. दोन्ही मैदानं सुरेख झाली आहेत आणि ती झाली याचा मला आनंद आहे. तिसरं मात्र भिजत पडलं. केसमेंट पार्कचा तेव्हाचा खर्च होता सुमारे ७ कोटी ७५ लाख पौंड: त्यातले ६ कोटी २५ लाख सरकारचे आणि दीड कोटी जीएएचे. एकाच निर्णयात तिघांना शब्द दिला असताना दोघांचा पाळायचा आणि तिसऱ्याला वर्षानुवर्षं थांबवायचं, याला कुठल्याही भाषेत समान वागणूक म्हणता येणार नाही.

दुसरी तक्रार शेजाऱ्यांशी केलेल्या वागणुकीची आहे, आणि ती आपल्याइतकीच जीएएकडेही आहे. केसमेंट पार्कच्या भिंतीला लागून लोकांची घरं आहेत. २०१३ च्या डिसेंबरमध्ये ३८,००० प्रेक्षकांच्या स्टेडियमला परवानगी मिळाली, तेव्हा घरांच्या परसावर एवढी उंच बांधकामं उभी राहणार म्हणून रहिवासी न्यायालयात गेले. डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं परवानगी रद्द केली. पुढच्या वर्षी मैदान-सुरक्षेच्या एका तज्ज्ञानं विधानसभेच्या समितीसमोर सांगितलं, की बाहेर पडायचा एक मार्ग जरी अडला तरी त्या आराखड्यातून एवढे लोक सुरक्षित बाहेर काढता येणार नाहीत. हे परवानगी देण्याआधी का पाहिलं गेलं नाही? आमच्या रुग्णालयात आग लागली तर कुठला वॉर्ड कुठल्या जिन्यानं रिकामा करायचा, हे नव्या नर्सला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. शेजाऱ्यांचं वेळेवर ऐकलं असतं तर ती वर्षं वाया गेली नसती. त्यांना विकासाचे शत्रू ठरवणाऱ्यांच्या बाजूनं मी कधीच बोलणार नाही.

२०१७ मध्ये सुमारे ३४,५०० क्षमतेचा दुसरा आराखडा सादर झाला. त्याच जानेवारीत स्टॉरमॉन्टचं सरकार कोसळलं, ते २०२० च्या जानेवारीत परत आलं. परवानगीची घोषणा ऑक्टोबर २०२० मध्ये आणि प्रत्यक्ष परवानगी जुलै २०२१ मध्ये. पुन्हा न्यायालय, मे २०२२ मध्ये आव्हान फेटाळलं गेलं. पण तोवर फेब्रुवारी २०२२ पासून सरकार पुन्हा नव्हतं, ते फेब्रुवारी २०२४ पर्यंत. आपसातल्या भांडणांसाठी आपण जी वर्षं घालवली, त्या वर्षांत सिमेंट-लोखंडाचे भाव थांबून राहिले नाहीत. आज खर्च वाढला म्हणून जे हात वर करतात, त्यांनी या वाढीतला आपला वाटाही मान्य करावा.

मग युरो २०२८. ही तक्रार मला सर्वांत जास्त बोचते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडला मिळून युरोपीय फुटबॉल स्पर्धेचं यजमानपद मिळालं, आणि केसमेंट पार्क दहा स्टेडियममध्ये होतं. आमच्या गल्लीत त्या दिवशी काय आनंद होता! मुलांनी शाळेत चित्रं काढली. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयरिश सरकारनं ५ कोटी युरो जाहीर केले, आणि त्याच वर्षी जागा साफ करण्याचं काम सुरू झालं. एका फुटबॉल स्पर्धेच्या भरवशावर गेलिक खेळांचं मैदान उभं राहणार, ही मांडणी मला तेव्हाही पटली नव्हती. युरोपीय स्पर्धेचे नियम वेगळे, गरजा वेगळ्या, मुदत कडक. आणि झालंही तसंच. १३ सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटिश सरकारनं कळवलं, की खर्च १८ कोटी पौंडांवरून ४० कोटींच्या वर जाऊ शकतो आणि स्टेडियम वेळेत होण्याची शक्यता नाही, म्हणून पैसे देणार नाही. निर्णयामागचं गणित मला समजतं. मला समजत नाही ते पुढचं मौन. युरो गेला, ठीक आहे. पण २०११ चा शब्द युरोसाठी दिला नव्हता. मूळ आश्वासन युरोबरोबर बुडालं असं आपण गृहीत धरलंत का? तसं नसेल तर त्याच आठवड्यात आपण पर्यायी आराखड्याची तारीख जाहीर करायला हवी होती.

आणि या सगळ्याचा परिणाम मैदानावर काय होतो, तो मोठ्या स्टेडियमच्या चर्चेत कोणी बोलत नाही. अँट्रिम काउंटी आज आपले घरचे सामने कॉरिगन पार्कवर खेळते. ते खरं तर एका क्लबचं मैदान. व्हाइटरॉक रोडवर, डोंगराच्या पायथ्याशी, काही हजार प्रेक्षकांपुरतं. त्या क्लबनं ते काउंटीला वापरायला दिलं हा त्यांचा मोठेपणा. तिथलं वातावरण जबरदस्त असतं. एप्रिल २०२४ मध्ये अँट्रिमच्या हर्लिंग संघानं तिथे वेक्सफर्डला हरवलं, तेव्हा माझा मुलगा घरी येऊन रात्रभर काठी खाली ठेवायला तयार नव्हता. पण ती जागा लहान आहे म्हणून मोठा संघ येणार असला की सामना दुसरीकडे नेण्याची भाषा सुरू होते. २०२२ मध्ये कॅव्हनविरुद्धच्या सामन्यावरून हाच वाद झाला. २०२५ मध्ये आर्मा, म्हणजे आदल्या वर्षीचा अखिल आयर्लंड विजेता संघ, अँट्रिमशी खेळणार होता, तो सामना न्यूरीला ठेवला गेला. अँट्रिमच्या खेळाडूंनी ठाम सांगितलं, खेळू तर कॉरिगन पार्कवरच. शेवटी सामना तिथेच झाला. स्वतःच्या काउंटीत घरचा सामना मिळावा म्हणून बिनपगारी खेळाडूंना असा हट्ट धरावा लागतो, याची जबाबदारी कोणाची? अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांताचा अंतिम सामना पाहायला बेलफास्टमधले लोक मॉनहन काउंटीतल्या क्लोनिसला जातात. क्लोनिस सुंदर आहे, त्या गावाचा उन्हाळा त्या सामन्यावर उभा असतो, त्यांच्याकडून काही काढून घ्यावं असं मला वाटत नाही. पण उत्तर आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या शहरात या खेळांचं एकही पुरेसं मैदान नसावं, हे मला मान्य नाही.

अँट्रिमला हर्लिंगची परंपरा नाही असं समजू नये. लॉगगील गावचा क्लब २०१२ मध्ये अखिल आयर्लंड क्लब विजेता झाला. १९८९ मध्ये अँट्रिम काउंटी अखिल आयर्लंड अंतिम सामन्यापर्यंत पोचली होती. उपांत्य सामन्यात ऑफलीला हरवल्यावर, हरलेल्या ऑफलीच्या खेळाडूंनीच दोन रांगा करून टाळ्या वाजवत अँट्रिमच्या संघाला मैदानाबाहेर वाट करून दिली. हा प्रसंग आमच्या क्लबचे जुने लोक मुलांना इतक्यांदा सांगतात की माझ्या मुलीला तो पाठ आहे. पुढच्या पिढीला असं काही सांगण्यासारखं घडायचं असेल तर ते घडायला जागा लागते.

मुलींबद्दल वेगळं सांगते, कारण स्टेडियमच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो. जीएए, कमोगी संघटना आणि महिला गेलिक फुटबॉल संघटना या तिन्हींचं एकत्रीकरण २०२७ पर्यंत व्हावं असं ठरलं आहे, आयर्लंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअ‍ॅलीस यांच्याकडे त्यासाठीच्या समितीचं काम आहे. म्हणजे नवं मैदान पहिल्या दिवसापासून मुलींचंही असणार. आज माझ्या मुलीच्या संघाला कित्येक ठिकाणी कपडे बदलायला गाडीशिवाय जागा मिळत नाही. शॉर्ट्स घालून खेळायची परवानगी मिळायला कमोगीच्या मुलींना मे २०२५ च्या मतदानापर्यंत वाट पाहावी लागली. आता खोल्यांसाठी त्यांना आणखी वाट पाहायला लावू नका.

एक आक्षेप मी रोज ऐकते आणि तो माझ्या मनालाही लागतो: रुग्णालयात लोक उपचारांसाठी वर्षानुवर्षं रांगेत आहेत, स्टेडियम कसलं बांधता? मी नर्स आहे. ती रांग माझ्यासमोरून जाते. खुब्याच्या शस्त्रक्रियेची वाट पाहत वाकून गेलेली म्हातारी माणसं मी पाहते, आणि ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांना मी गप्प बसवणार नाही. तरीही सांगते. इतकी वर्षं केसमेंट पार्क बांधलं नाही, त्यामुळे आमच्या वॉर्डात एक खाट वाढली नाही. बांधकामासाठी राखलेला निधी तसाच राहिला, त्याची किंमत मात्र महागाईनं खाल्ली. वयाच्या पन्नाशीत साखर आणि रक्तदाब घेऊन येणारे रुग्ण पाहिले की मला वाटतं, या शहराला पळायला, खेळायला, एकत्र यायला जितक्या जागा मिळतील तितक्या थोड्या.

आणखी एक गोष्ट, जी पैशांत मोजता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बेलफास्टमध्ये दंगल झाली, परदेशी लोकांची दुकानं फोडली, जाळली. त्या आठवड्यात रात्रपाळीहून घरी यायला मला भीती वाटत होती. भारतातून आई रोज फोन करायची, परत या म्हणायची. त्याच दिवसांत मुलीच्या प्रशिक्षकांचा फोन आला: सरावाला आणायला-सोडायला आम्ही येतो, तुम्ही काळजी करू नका. दुसऱ्या एका खेळाडूची आजी डबा घेऊन दारात उभी राहिली. ज्या क्लबला राजकारणी लोक एका जमातीचा क्लब म्हणतात, त्यानं आम्हाला आपल्यात धरलं. शहराच्या पूर्व भागात २०२० मध्ये सुरू झालेल्या ईस्ट बेलफास्ट जीएए क्लबचं ब्रीद इंग्रजी, आयरिश आणि अल्स्टर-स्कॉट्स अशा तीन भाषांत आहे, आणि तिथे दोन्हीकडचे लोक खेळतात. ग्लायडर या शहर-बससेवेची जी-वन बस पूर्वेकडून निघते आणि केसमेंट पार्कवरून पुढे जाते. तिकडची मुलं त्या बसनं इथे अंतिम सामना खेळायला येतील असं मैदान मला हवं आहे.

आता पैसे. आजच्या घडीला कागदावर काय आहे ते लोकांनी एकदा नीट पाहावं. मंत्रिमंडळाचे ६ कोटी २५ लाख पौंड. जीएएचे दीड कोटी. आयरिश सरकारचे ५ कोटी युरो, म्हणजे साधारण सव्वाचार कोटी पौंड. आणि जून २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनं जाहीर केलेले ५ कोटी पौंड. बेरीज सतरा कोटींच्या आसपास. युरो स्पर्धेच्या अटी वगळून स्टेडियमचा अंदाजे खर्च सांगितला जातो २७ कोटी. म्हणजे तूट जवळपास १० कोटींची. ही तूट कोण भरणार यावर चौघेही एकमेकांकडे पाहत आहेत. माझं मत विचाराल तर या सतरा कोटींत जे होईल ते आधी बांधा. इतक्या पैशांत पूर्ण आकाराचं मैदान, मुख्य प्रेक्षागृह आणि उरलेल्या बाजूंना उभं राहायच्या पायऱ्या का होऊ शकत नाहीत, हे कोणी लोकांना समजावून सांगितलेलं नाही. अल्स्टरचा अंतिम सामना पहिल्या वर्षी नाही झाला तरी चालेल. आमच्या मुलांचे काउंटी सामने, क्लबांचे अंतिम सामने, शाळांचे सामने तर होतील. चौतीस हजारांच्या अट्टाहासापायी आज शून्य माणसं आत बसतात. हे जीएएमधल्या कित्येकांना आवडणार नाही, कारण त्यांना आश्वासन मिळालं होतं ते पूर्ण स्टेडियमचं, आणि त्यांचा संताप रास्त आहे. पण माझी मुलगी त्या संतापाच्या काळात मोठी होऊन जाईल.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

समुदाय मंत्र्यांनी ब्रिटन, आयर्लंड आणि जीएए या तिघांना एका टेबलाशी बोलवावं आणि त्या बैठकीनंतर तीन गोष्टी जाहीर कराव्यात: अंतिम क्षमता किती, खर्चाची कमाल मर्यादा किती, आणि काम कुठल्या महिन्यात सुरू होणार. खर्चाचा तपशील लोकांसमोर ठेवावा. तो आजवर आम्हाला वर्तमानपत्रांतल्या फुटलेल्या बातम्यांतून कळत आला आहे.

काम टप्प्यांत करावं. पहिल्या टप्प्यात खेळायचं मैदान, एक छताखालचं प्रेक्षागृह, मुली आणि मुलांसाठी वेगवेगळ्या कपडे बदलण्याच्या खोल्या, व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांसाठी चांगली जागा. मात्र पाया असा घालावा की पुढे क्षमता वाढवता येईल, पुन्हा पाडापाडी करावी लागणार नाही.

सरकारी दिरंगाईच्या वर्षांत वाढलेल्या खर्चातला योग्य वाटा मंत्रिमंडळानं उचलावा. विंडसर पार्क आणि रेव्हनहिलच्या वेळी पैसा गेला म्हणूनच ती दोन्ही पूर्ण झाली. जीएएनंही आपला दीड कोटींचा आकडा २०११ सालचा आहे हे लक्षात घेऊन त्याचा फेरविचार करावा. सामान्य सभासद वर्गणी भरतात, चहा-सँडविच विकतात, रविवारी मैदानाच्या रेषा आखतात. त्यांच्याकडे मी हे मागत नाही. डब्लिनमधल्या मध्यवर्ती संघटनेकडे मागते.

लागून राहणाऱ्या रहिवाशांचे प्रतिनिधी बांधकामाच्या देखरेख समितीत घ्यावेत. बांधकामाची उंची, सामन्याच्या दिवसाची रहदारी, रात्रीचे दिवे आणि आपत्कालीन मार्ग यांबद्दल त्यांना आधी विचारावं, नंतर कळवू नये. सामन्याच्या दिवशी जास्तीच्या ग्लायडर बस आणि लांबवर गाड्या लावायची सोय ठरल्याशिवाय पहिला सामना होऊ नये.

सामने नसलेल्या दिवशी ती जागा बंद राहू नये. शाळा, ज्येष्ठ नागरिक, नव्यानं आलेली कुटुंबं, दुसऱ्या परंपरेतले खेळाडू, सगळ्यांना आतल्या खोल्या आणि सभागृह वापरायला मिळावं, आणि त्याचे नियम लेखी असावेत.

मार्च १९८८ मध्ये मारल्या गेलेल्या दोघांचा आणि लष्करी ताब्याच्या काळाचा उल्लेख नव्या वास्तूत कुठे आणि कसा असावा, यावर दोन्ही समाजांशी बोलणं सुरू करावं. हे अवघड आहे हे मला कळतं. पण ते बोलणं बांधकाम अडवण्याचं कारण होऊ देऊ नये. दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात.

या पत्राचं उत्तर मला व्यक्तिशः देण्याची गरज नाही. विधानसभेत, सर्वांसमोर, तारखेसह द्यावं. विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनात आमच्या भागातल्या आमदारांनी हे प्रश्न विचारावेत म्हणून पालकांच्या सह्यांचं निवेदन तयार होत आहे, आणि त्यावर मराठी, मल्याळी, फिलिपिनो आणि आयरिश अशा सगळ्या सह्या असतील. तोवर मुलीच्या संघाचा सराव नेहमीप्रमाणे भाड्याच्या मैदानावर चालू राहील.

आपली,
पश्चिम बेलफास्टमधली एक नर्स आणि दोन खेळाडूंची आई